हिशोब फिटू दे, मग जा

सोलापूरला आमची नर्सरी आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या आवारातली बागही आम्ही सांभाळतो. पुढचं लॉन, गेटजवळच्या दोन बोगनवेली, कँटीनमागची कडुनिंबाची रांग आणि मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेरच्या 22 कुंड्या. बिल दर महिन्याला वेळेवर निघतं, त्यामुळे हे गिऱ्हाईक जपायचं, असा सासऱ्यांचा दंडक आहे. 2024 च्या मार्चमध्ये एका शनिवारी तिथल्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, मेलवर एक फॉर्म टाकलाय. सोमवारपर्यंत सही-शिक्का मारून द्या. सगळ्याच व्हेंडरना दिलाय."

11 पानं, सगळी इंग्रजीत. चौथ्या पानावर प्रश्न होता, तुमच्या व्यवसायात किंवा तुमच्या पुरवठादारांकडे आधुनिक गुलामगिरी आढळते का. मी तो मोठ्यानं मराठीत करून वाचला. नवरा म्हणाला, "आपण शेणखत विकतो, माणसं नाही." दोघंही हसलो.

हे आमच्यापर्यंत आलं कसं, ते कारखान्यातल्या माणसानं नंतर समजावलं. टॉवेल ब्रिटनला जातात. तिथं 2015 साली या विषयावर कायदा झाला. वर्षाची उलाढाल 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपनीला दरवर्षी निवेदन काढावं लागतं, की आमच्या धंद्यात आणि आम्हाला माल देणाऱ्यांकडे माणसं जबरदस्तीनं राबवली जात नाहीत ना, हे बघायला आम्ही काय केलं. मग ती कंपनी कारखान्याला विचारते. कारखाना सूतवाल्याला, डाईंगवाल्याला, कँटीनवाल्याला विचारतो आणि सगळ्यात शेवटी माळ्याला. कायदा आम्हाला लागू नाही, पण प्रश्न लागू झाला.

दहा मिनिटांत मी सगळीकडे 'नाही'वर खूण केली. शेवटच्या पानावर सहीच्या वर एक ओळ होती, वरील माहितीची मी स्वतः खातरजमा केली आहे. तिथं पेन थांबलं. मी फार प्रामाणिक आहे म्हणून थांबलं असं नाही. शनिवार म्हणजे पगाराचा दिवस, आणि पगाराची वही समोरच उघडी पडली होती. गुरुवार असता तर सही केली असती.

वही सासऱ्यांच्या काळापासूनची, लांबडी, लाल कापडी बांधणीची. नाव, हजेरी, खाडे, उचल, कापले, बाकी. नर्सरीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत एक नवरा-बायको राहायचे. पहाटे पाणी, दिवसभर गिऱ्हाइकांच्या बागा, रात्री राखण. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुलीच्या बाळंतपणाला 38,000 रुपये उचल घेतली होती. दर महिन्याला मी 1,000 कापत होते, न चुकता. 24 महिने. म्हणजे 14,000 उरायला हवे होते. वहीत बाकी होती 41,500.

बेरीज चुकली म्हणून पुन्हा केली. चुकली नव्हती. गड्डा म्हणजे आमच्याकडची जत्रा, दोन वर्षांच्या दोन गड्ड्यांना दोन-दोन हजार. शाळेच्या दप्तर-गणवेशाला 3,500. त्याची आई गेली तेव्हा 10,000. खोलीचं वीजबिल म्हणून महिन्याला 400, ते 24 महिन्यांचे 9,600. आणि सगळ्यात खाली माझ्याच अक्षरात, फुटलेला पाइप, 400.

त्या पाइपावर माझी नजर बराच वेळ खिळून राहिली. अर्ध्या इंचाचा हिरवा पाइप, उन्हानं कडक होऊन फुटला होता. सोलापूरच्या उन्हात पाइप दोन वर्षं टिकला तर नशीब. तो मी माणसाच्या नावावर टाकला होता.

मग एकेक आठवायला लागलं. दोघांची आधार कार्डं माझ्या टेबलाच्या खणात होती. "खोलीत उंदरं लई, वैनी, तुमच्याकडंच ठेवा," असं ती म्हणाली होती, हे खरं. पण मागच्या दिवाळीत त्यानं विचारलं होतं, "वैनी, पुण्याला भावाच्या साइटवर काम हाय, जाऊ का?" आणि मी म्हणाले होते, "जा की, कोण अडवतंय. आधी हिशोब फिटू दे, मग जा." तो मान हलवून पाणी सोडायला गेला. आधार कार्ड त्यानं मागितलं नाही आणि मी दिलं नाही.

तोपर्यंत गुलामगिरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर साखळी यायची. तीही उगाच नाही. 2023 च्या जूनमध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात विहिरी खोदणाऱ्या 11 मजुरांना पोलिसांनी सोडवलं होतं, रात्री त्यांना साखळीनं बांधून ठेवायचे. ती बातमी वाचून आठवडाभर जेवताना विषय तोच होता, काय माणसं असतात म्हणून. माझ्याकडे साखळी नव्हती, वही होती.

*

माझे मामा राज्य सरकारच्या कामगार खात्यातून निवृत्त झालेत, जुळे सोलापुरात राहतात. रविवारी सकाळी वही पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा बदलला, पानं उलटली आणि पहिला प्रश्न विचारला, "हिचं नाव कुठाय?"

बायकोचं नाव वहीत नव्हतं. हजेरी त्याच्या नावावर, महिन्याला 9,000. तिचे 4,500 त्याच्याच ओळीत मिळवलेले, "अर्धा दिवस" म्हणून. ती अर्धा दिवस काम करत नव्हती. खुरपणी, कुंड्या भरणं, रोपांच्या पिशव्या मांडणं, सगळं तिच्याच हातचं. मामा म्हणाले, "ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसं केलंयस तू. दोन माणसं, एक ओळ."

मग त्यांनी कायदा सांगितला, तो मला समजला तसा लिहिते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 नं वेठबिगारी बंद आहे. प्रत्यक्ष कायदा 1976 चा, वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा, आणि तो लागू धरला जातो 25 ऑक्टोबर 1975 पासून, कारण आधी वटहुकूम निघाला होता. उचल देणं गुन्हा नाही. पण उचलीपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबत असेल, किंवा दुसरीकडे काम धरायची, उठून जायची मोकळीक त्याला उरली नसेल, तर ती वेठबिगारी. ती लेखी असो, तोंडी असो, त्यानं राजीखुशीनं अंगठा दिलेला असो. असा करार कायद्यानं रद्द, आणि ती उचलही बुडाली. फेडायची जबाबदारीच संपते. उलट ती वसूल करत राहणं हा आणखी एक गुन्हा.

"पण मी जबरदस्ती कुठं केली? तो आपणहून राहिलाय."

मामांनी दिल्लीच्या 1982 च्या आशियाई खेळांची गोष्ट काढली. स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, पोटाच्या अडचणीपायी माणूस किमान वेतनाहून कमीवर राबतो, तेव्हा ती अडचण हीच जबरदस्ती. दंडुका लागत नाही. "आणि ही वेठबिगारीची उचल नव्हती, हे कोर्टात कुणी सिद्ध करायचं माहितीय? त्यानं नाही. तू."

"म्हणजे मी आत जाणार?"

"कलम 16. तीन वर्षांपर्यंत. दंड मात्र दोन हजारच, 1976 पासून कुणी वाढवलेला नाही." ते हसले. मला हसू आलं नाही.

निघताना मी विचारलं, "मग ते 41,500 माफ करून टाकते." मामा एकदम चिडले. "माफ काय करतेस? तुझे होते कुठं ते?"

त्यांनी किमान वेतनाचा तक्ता काढला. हा तक्ता कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावर असतो आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. मी नऊ वर्षं हा धंदा सांभाळते, एकदाही तो उघडून पाहिला नव्हता. बाजारात जो दर चालतो तो द्यायचा, इतकंच माहीत. दोघांचा पूर्ण दिवस धरून 24 महिन्यांचा फरक काढला, तर आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. देणं माझं निघालं.

*

सोमवारी संध्याकाळी मामाच नर्सरीत आले. म्हणाले, "तू बोलू नकोस. मालकानं सांगितलेला हक्क कानाला गोड लागतो, पण माणूस त्यावर विश्वास ठेवत नाही." त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. तुमच्या अंगावर काही बाकी नाही, उलट येणं आहे. वाटलं तर तहसीलदार, प्रांत, कलेक्टर, कुणाकडेही तुम्ही जाऊ शकता. ही खोटं बोलत असेल तर तेही तिथं सांगा.

तो माझ्याकडं बघत राहिला. मामांकडे नाहीच. शेवटी म्हणाला, "वैनी, आमचं काय चुकलं का?"

त्याला वाटलं, मी त्याला काढून टाकतेय.

आधार कार्डं दिली. तिनं दोन्ही पदराला पुसली, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळली आणि पिठाच्या डब्यात तळाशी ठेवली. उंदीर डब्यात शिरत नाहीत, हे तिला आधीपासून माहीत असणार. मग दोन वर्षांपूर्वी तिनं ती माझ्याकडं का दिली होती, याचा मी खूप विचार केला. उचल घेताना काहीतरी ठेवायचं असतं. सोनं नव्हतं, जमीन नव्हती. ठेवण्यासारखं होतं ते हे.

पैसे एकरकमी जमले नाहीत. एक एफडी मोडली आणि चार हप्त्यांत दिले, निम्मे त्याच्या खात्यात, निम्मे तिच्या. तिचं खातं त्यासाठी उघडावं लागलं. बँकेत तीन फेऱ्या झाल्या, कारण आधारवर जन्मसाल एक आणि रेशन कार्डावर दुसरं. सासरे बाजेवर बसून सगळं ऐकत होते. "धंदा चालवायचाय का धर्मशाळा?" एवढंच म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरा हप्ता मिळाल्यावर पाचव्या दिवशी ते दोघं पुण्याला गेले.

मला राग आला, हे लपवत नाही. एप्रिल सुरू होता. आमच्या धंद्यात एप्रिल-मे म्हणजे परीक्षा, पारा 43 च्या पुढं जातो, एक दिवस पाणी चुकलं तर लॉन पिवळं पडतं. होटगी रोडच्या एका बंगल्याचं लॉन त्या महिन्यात जळलं आणि ते गिऱ्हाईक तुटलं. मी मामांना फोन करून तणतणले, की बघा, चांगुलपणाचं हे फळ. मामा म्हणाले, "ते जाऊ शकले ना?" राहिलेले दोन हप्ते मी पाठवले, पण पहिल्यांदा पाठवताना हात जड झाला होता.

*

फॉर्ममधला पुरवठादारांचा भाग अजून कोराच होता. कारखान्याकडून मुदत मागून घेतली. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी केली: शेणखत, लाल माती आणि पोयटा, विटा, फरशी-गोटे, रोपं, कुंड्या, कोकोपीट, औषधं. सगळ्यांची चौकशी माझ्यासारखीला शक्य नाही. मामांनी एक चाळणी दिली. हंगामी काम, हातानं करायचं काम, गाव सोडून कुटुंबासकट आलेली माणसं, मध्ये मुकादम आणि आगाऊ उचल. हे चारही जिथं एकत्र दिसतील तिथं आधी जा. औषधांच्या कंपनीचा विचार सोडून दिला. वीटभट्टी पहिली आली.

वाफ्यांच्या कडेला आम्ही तिरप्या विटा लावतो, वर्षाला सात-आठ हजार लागतात. ज्या भट्टीतून घ्यायचो ती शहराबाहेर 15 किलोमीटरवर. नऊ वर्षांत मी तिथं कधी गेले नव्हते, फोन केला की ट्रॉली यायची. एप्रिलमधल्या एका सकाळी नऊला पोचले. कच्च्या विटांच्या ओळी नजर पोचेल तिथवर, आणि त्या ओळींतून 10-11 वर्षांची एक मुलगी उकिडवी सरकत होती. प्रत्येक वीट उचलायची, कडेवर उभी करायची, पुढे सरकायचं. कच्ची वीट अर्धी ओली असते, मोठ्या माणसाच्या हातानं तिला बोटं उमटतात. मुलांचा हात हलका. तिच्या मागं उभ्या केलेल्या विटांची ओळ इतकी सरळ होती की आमच्या माळ्यांना दोरी लावूनही जमत नाही.

भट्टीवाले अण्णा गावात गेले होते. मुलीच्या आईशी बोलायला लागले. ते कलबुर्गीकडचे, मराठी जेमतेम. सोलापुरात वाढलेल्या माणसाला मोडकं कन्नड येतंच, तेवढ्यावर चाललं. खर्ची मिळते का? हौद्री, म्हणजे हो, दर आठवड्याला, भाजी-तेलापुरती. हजार विटांचा दर काय? तिनं सांगितला. मग आजवर किती विटा झाल्या, किती पैसे झाले? ते मुकादमाकडं. हिशोब पावसाच्या तोंडावर, भट्टी बंद होताना. मध्येच कुणाचं लग्न-मयत निघालं तर? एक माणूस जातो, बाकीचे हितंच राहतात.

एक माणूस जातो, बाकीचे तारण राहतात. तिनं तारण हा शब्द वापरला नाही, तो माझा.

इथं मी घोडचूक केली. मुनीम येऊन उभा राहिला होता, तरी मी विचारतच राहिले. मोबाइल काढून मुलीचा फोटो घ्यायला गेले, तेव्हा आईनं तिला ओढून पदराआड घेतलं. मी पाहणी करतेय असं मला वाटत होतं. तिच्या बाजूनं बघितलं तर मालकाच्या ओळखीची एक बाई मुनीमासमोर तिच्या तोंडून मालकाविरुद्ध बोलवून घेत होती. आठवड्यानं पुन्हा गेले तर ते कुटुंब तिथं नव्हतं. दुसऱ्या भट्टीवर हलवलं, असं कळलं. कुठल्या, ते कुणी सांगितलं नाही. अण्णा मात्र भेटले. "ताई, तुम्ही कुंड्या विका," म्हणाले.

मामांनी मला इतकं कधी सुनावलं नव्हतं. ज्याच्या अंगावर उचल आहे त्याला मालकाच्या माणसासमोर प्रश्न विचारायचा नाही, फोटो काढायचा नाही, सुटकेचं वचन द्यायचं नाही. मूल कामावर दिसलं तर निमूट बाहेर यायचं आणि मुलांच्या मदतीचा 1098 नंबर लावायचा. वेठबिगारीचा संशय असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं लेखी कळवायचं. त्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असावी, असं 1976 च्या कायद्यातच आहे, आणि खाली उपविभागालाही. चौकशी करायचा अधिकार त्यांना आहे, मला नाही. ठरल्या रीतीनं सुटका झाली तर माणसाला दाखला मिळतो आणि त्यावर पुनर्वसनाचे पैसे. 2016 च्या केंद्राच्या योजनेत प्रौढ पुरुषाला 1 लाख, बाई किंवा मूल असेल तर 2 लाख आहेत. माझ्या चोंबडेपणानं त्या कुटुंबाचं तेही गेलं असेल.

1098 लावला, मुलीबद्दल जे पाहिलं ते सांगितलं. लेखी अर्जही दिला. ते लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस होते, 7 मेला आमच्याकडं मतदान होतं, आणि जिथं अर्ज दिला तिथल्या टेबलांवर मतदारयाद्यांचे गठ्ठे होते. पोच मिळाली. पुढं चौकशीला माणसं गेली, मुलं आढळली नाहीत, असं तोंडी समजलं. माझ्या हातात एवढंच आहे.

त्या भट्टीच्या विटा बंद केल्या. त्यानं मला बरं वाटलं, त्या बाईला काहीच मिळालं नाही, हे मात्र तेव्हाच कळत होतं. अण्णांना माझ्या आठ हजार विटांनी काय फरक पडतो? एका बांधकामाला त्यांच्या लाखभर जातात. दुसऱ्या एका भट्टीवाल्याशी मात्र वेगळं बोलले, आधी मुनीमाला नाही, थेट मालकाला. दर शनिवारी प्रत्येक जोडीला किती विटा थापल्या, किती झाले, किती खर्ची गेली, याची चिठ्ठी द्यायची. नवऱ्याच्या नावानं एक, बायकोच्या नावानं एक. तेवढ्यासाठी विटेमागं जास्त पैसे देते म्हटलं. तो म्हणाला, चिठ्ठीला काय, देतो की. देतो का? दोन वेळा पाहिलं, दोन्ही वेळा चिठ्ठ्या होत्या. मी येणार हे त्याला दोन्ही वेळा माहीत होतं.

बाकीच्या यादीत इतकं काही सांगण्यासारखं नाही. एका गिऱ्हाइकाला पायवाटेला राजस्थानी वालुकाश्माचे ठोकळे हवे होते, त्यांनी इंटरनेटवर फोटो पाहिला होता. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुऱ्याकडे हे ठोकळे घराच्या दारात बसून लहान मुलं छिन्नी-हातोडीनं फोडतात, हे मी या भानगडीत वाचलं होतं. पुण्याच्या व्यापाऱ्याला विचारलं, तुमचे ठोकळे कुठल्या खाणीचे? तो म्हणाला, राजस्थानचे. राजस्थानात कुठले? म्हणाला, मॅडम, दगड आहे तो, आंबा आहे का गाव विचारायला? नाही घेतले. शहाबाद फरशीचे तुकडे बसवले. शहाबाद इथून जवळ, जाऊन बघता येतं आणि मी जाऊन आलेही. फरशी कापणारी माणसं गावातलीच, संध्याकाळी सायकलीवर घरी जाताना दिसली. धुळीनं पांढरी झालेली होती आणि तोंडाला काही बांधलेलं नव्हतं, ती वेगळीच काळजी. रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात, वर्षाला दोन ट्रक. तिथं शेकडो नर्सऱ्या, माझ्या दोन ट्रकांना कोण विचारतो. फोनवर विचारलं, पिशव्या भरणाऱ्या बायकांना रोज किती देता, तर मला दर वाढवून मागायचाय असं समजून त्यानं रोपामागं एक रुपया कमी केला.

*

आता आमच्याकडं उचलीचं कसं चालतं ते सांगते, कारण हे विचारणारे नर्सरीवाले बरेच भेटतात. पहिल्या झटक्यात मी उचल बंदच करून टाकली होती. दोन महिन्यांत खुरपणीच्या तीन बायकांनी आठवड्याच्या हप्त्यावर फायनान्सचं कर्ज काढलं. हप्ता चुकला की वसुलीवाला दारात, आणि गटातल्या बाकीच्या बायकांच्या शिव्या. माझा हात साफ झाला आणि त्यांच्या गळ्यात दुसरा फास आला. मग पुन्हा सुरू केली. एका महिन्याच्या पगाराहून जास्त नाही. व्याज नाही. पगाराच्या दहाव्या भागाहून जास्त कापायचं नाही, आणि कापलेलं माझ्या वहीत आणि त्यांच्या वहीत, दोन्हीकडं त्याच वेळी लिहायचं. वीजबिल, पाइप, कात्री, कुदळ काहीही उचलीत चढवायचं नाही. सोडून जायचं असेल त्या दिवसापर्यंतचा पगार पूर्ण द्यायचा, त्यातून बाकी वळती करायची नाही. राहिलेली बाकी त्यांनी जमेल तशी पाठवावी. एकानं 6,000 बुडवले. एकीनं कर्नाटकातल्या इंडीहून फोनवरून 1,200 पाठवले, मी विसरूनही गेले होते. सासरे फक्त पहिल्याचं नाव काढतात.

फॉर्म जूनमध्ये दिला. चौथ्या पानावरच्या प्रश्नापुढं 'नाही' खोडून 'होय' केलं. खाली लिहिलं, आमच्याच नर्सरीत, दोन व्यक्ती, उचल आणि कागदपत्रं अडकवणं, फरक चुकता केला, पावत्या जोडल्या आहेत. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"मॅडम, हे असं लिहू नका हो. वरती गेलं तर आम्हाला उत्तरं द्यावी लागतात. तुम्ही सुधारलंय ना आता? मग 'नाही' लिहा."

"सुधारलं म्हणूनच लिहिलंय."

"बाकी सगळ्या व्हेंडरनी 'नाही' लिहिलंय, मॅडम. साठ जणांनी."

तो भला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण साठ जणांत लूमवाले आहेत, मालवाहतूकवाले आहेत, साफसफाईचा ठेकेदार आहे, आणि एकाच्याही वहीत उचलीचा रकाना नाही, हे सोलापुरात तरी मला खरं वाटत नाही. मी फॉर्म बदलला नाही. त्यांनी वर काय पाठवलं ते मला माहीत नाही. बागेचं काम चालू आहे, बिल वेळेवर निघतं.

गेल्या शनिवारी नवीन लागलेल्या माळ्यानं उचल मागितली, 5,000, बायकोच्या दवाखान्याला. मी पैसे मोजले, दोन्ही वह्यांत लिहिलं, सही घेतली. तो तरी उभाच. मग खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड काढलं आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवलं. मी ते परत त्याच्याकडं सरकवलं. त्यानं एकदा कार्डाकडं आणि एकदा पैशांकडं बघितलं.

"वैनी," तो म्हणाला, "मग पैसे खरंच देलालाव का?"